विरळणीनंतर प्राणी वाढले? या चुका टाळा

दर सीझनला कोणीतरी नवीन पोरगं उत्साहात विचारतं, जंगलाच्या विरळणीनंतर, म्हणजे काही झाडं तोडून दाटी कमी केल्यावर, कॅमेरा ट्रॅपचे (प्राणी समोर आला की आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्याचे) फोटो दुप्पट झाले, म्हणजे हरणं वाढली ना? नाही रे बाबा. आधी समोर झुडपांची भिंत होती, कॅमेऱ्याला चार मीटरपुढचं दिसत नव्हतं, आता मोकळं झालं तर तोच कॅमेरा लांबचं हरीणही टिपतोय. हरणं तेवढीच असतील, कमीही झाली असतील.

मी स्वतः यात सपशेल आपटलोय. बारा कॅमेरे, तोडीआधी एक सीझन, नंतर एक, ग्राफ झकास वर गेलेला, रिपोर्टसुद्धा लिहून तयार. मग सहज फोटो चाळत बसलो तर आधीच्या फोटोंत प्राणी अर्धी फ्रेम व्यापून आणि नंतरच्यांत नखाएवढे, तेही लांब कोपऱ्यात. रिपोर्ट गेला कचऱ्यात. तेव्हापासून लेन्ससमोर 2, 4, 6 मीटरवर रंगीत खुंट्या ठोकून एक फोटो काढतो, खुंट्या उपटतो आणि तुलनेत दोन्ही वेळचे फक्त 4 मीटरच्या आतलेच प्राणी धरतो. शिवाय कॅमेरा लावला की समोरून स्वतः रांगत जातो, सेन्सर उठतो की नाही बघायला. टीम हसते, हसू दे.

आणि न तोडलेला एक प्लॉट शेजारी ठेवाच, नाहीतर फरक तोडीने पडला की त्या वर्षीच्या पावसाने, हे कुणाच्या बापाला कळणार नाही.

बाकी किरकोळ. लेन्ससमोरचं गवत कापा, नाहीतर कार्ड हलत्या गवताने भरतं. तोंड पूर्व-पश्चिम नको, ऊन थेट लेन्समध्ये येतं. बॅटरी बदलली की तारीख-वेळ तपासा. एका फेरीत प्राणी दिसला नाही म्हणून 'इथे नाही' लिहू नका, त्याच जागी तीन-चार फेऱ्या मारा, कंटाळा येतो, येऊ दे. रस्त्याच्या कडेनेच ट्रान्सेक्ट (चालत प्राणी मोजायची ठरलेली रेषा) टाकणाऱ्यांबद्दल मी बोलतच नाही.

ओढ्याचं मात्र सांगतो. काठची झाडं गेली की सावली जाते, पाणी तापतं आणि तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो: 10 अंशाला लिटरमागे साधारण 11 मिलिग्रॅम, 20 अंशाला 9. थंड पाण्यातल्या माशांना हे झेपत नाही, म्हणून तापमानाचा लॉगर, म्हणजे तापमान आपोआप नोंदवत राहणारी छोटी डबी, लागतो. पण लोक तो उथळ पाण्यात, उन्हात, उघडाच टाकतात. मग तो पाण्याचं नाही, स्वतःच्या तापलेल्या डबीचं तापमान लिहितो, आणि सावली गेल्यावर ही चूक आणखी वाढते, म्हणजे तोडीचा परिणाम आहे त्याहून मोठा दिसतो. मी भोकं पाडलेल्या पांढऱ्या पाइपच्या तुकड्यात लॉगर घालून वाहत्या, खोल जागी दगडाला तारेने बांधतो. उन्हाळ्यात ग्राफमध्ये दिवस-रात्रीचा फरक एकदम उड्या मारायला लागला तर आधी जाऊन बघा, बहुतेक वेळा पाणी उतरलेलं असतं आणि लॉगर दगडावर कोरडा पडलेला असतो.