‘पासिंग लागत नाही’ म्हणून ई-स्कूटर घेताय? या चुका टाळा

शोरूममध्ये ‘हिला पासिंग नको, लायसन्स नको’ ऐकून खूश होणारे आणि सहा महिन्यांनी कागद घेऊन माझ्याकडे येणारे लोक तेच असतात.

पहिली चूक म्हणजे नुसता वेग बघणं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोटारची ३० मिनिटांची ताकद (म्हणजे सलग अर्धा तास टिकणारी) ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत आणि एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मान्यता, हे सगळं जुळलं तरच ती ‘मोटार वाहन’ नव्हे. एक अट हुकली की पासिंग, विमा, लायसन्स सगळं आलं.

दुसरी, माझं डोकं फिरवणारी: वेग ‘उघडून’ घेणं. ओळखीतल्या एका गृहस्थांनी दहावीतल्या मुलीला क्लाससाठी अशी गाडी घेतली. कागद चोख. ‘सायकलवालेसुद्धा पुढे जातात’ म्हणून मुलगी कुरकुरली. दुकानदारानं सीट उचलली, मोटारचा वेग आवरणाऱ्या कंट्रोलरजवळच्या बारीक वायरीचा प्लग काढला. दोन मिनिटांचं काम, तेही फुकट. गाडी ४२ ला पळू लागली. पंधरवड्यात एका आजोबांना धडक बसली, खुब्याचं हाड मोडलं. पोलिसांनी गाडी पळवून बघितली आणि चोख कागद रद्दी झाले. विमा नव्हताच, खर्च खिशातून. वर मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ: अल्पवयीन मुलानं मोटार वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. दुकानदार फोन उचलेना. गृहस्थ मला विचारतात, ‘वायर परत जोडू का?’

मी स्वतः आधी मान्यतेच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स मागतो आणि मॉडेलचं नाव अक्षर न् अक्षर गाडीशी ताडतो. मग रिकाम्या रस्त्यावर पूर्ण पिळून मोबाइलच्या जीपीएसवर वेग बघतो. गाडीच्या मीटरवर माझा विश्वास नाही. झेरॉक्स द्यायला दुकानदार कां-कूं करू लागला, की चहा संपवून उठतो. घाई असलेल्यांनी रिक्षा करावी.

बिलावर ‘२५० वॉट’ छापलंय म्हणून निर्धास्त राहू नका. ०.२५ किलोवॉट म्हणजे २५० वॉटच, आणि नियमात ‘पेक्षा कमी’ आहे.

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रानं बॅटरीवरच्या गाड्यांचं नोंदणी शुल्क माफ केलं, नोंदणी नव्हे.

नंबरची हिरवी पाटी नोंदणी झालेल्या बॅटरीवरच्या गाडीची; पासिंग नसतानाच ती रंगवून घेणाऱ्यांना काय बोलावं?

जुनी गाडी घेताना आधी सीट उचला. कंट्रोलरपाशी नवी काळी टेप दिसली, तर मालकाला एवढंच विचारा, ‘ही कशाला?’