जोडदांड्याच्या ग्रास कटरची खडखड: माझा अनुभव

आमच्या आंब्याच्या बागेत एकच यंत्र दोन कामं करतं. इंजिन तेच, दांडा मधे जोडलेला दोन तुकड्यांचा, खालच्या तुकड्याला कधी गवत कापायचं पातं, कधी फांद्या कापायची करवत. गेल्या श्रावणात करवत लावली की सांध्यात खडखड वाजायचं, खालचा दांडा हाताने डुलायचा. मी नुसता सांध्यावरचा नॉब (हाताने आवळायचा स्क्रू) आवळत राहिलो. चूक तिथेच होती.

शेवटी इंजिन बंद केलं, स्पार्क प्लगची टोपी काढली (हे आधी, नेहमीच) आणि जोड सोडला. आत ओल्या गवताचा नि लाल मातीचा थर घट्ट बसलेला. त्यामुळे दांडा पूर्ण आत जातच नव्हता, स्प्रिंगची कळ (दांडा जागी अडकवणारं छोटं बटण) भोकात अर्धीच उठत होती. नॉब फक्त पकड देतो. दांडा फिरू किंवा निसटू न देणं हे काम त्या कळीचं. जुन्या टूथब्रशने दोन्ही तोंडं साफ केली. आतला फिरता दांडा खाचेत बसेपर्यंत खालचा भाग हळू फिरवत ढकलला. टक् झालं, कळ पूर्ण वर आली. मगच नॉब आवळला.

दहा मिनिटं चालवून, बंद करून पुन्हा पाहिलं, नॉब थोडा आणखी बसला. कळीचं भोक झिजून लांबट झालं असेल तर मात्र दांडाच बदला. तार बांधून चालवू नका, पाय जाईल.