छंदातून व्यवसायाकडे: नव्या छायाचित्रकारांनो, या चुका टाळा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत हौसेने उत्तम छायाचित्रे काढणारी मुले आज पुष्कळ आहेत. सारंगखेड्याच्या यात्रेतील घोडे किंवा सातपुड्यातील होळी त्यांनी टिपलेली पाहिली की मनापासून कौतुक वाटते. मात्र हीच मुले लग्नाची पहिली ऑर्डर घेतात तेव्हा त्याच त्या चुका पुन्हा पाहाव्या लागतात. छंदात एखादा क्षण हुकला तर पुढच्या वर्षी यात्रा पुन्हा भरते. लग्नात तशी सोय नसते.

सर्वांत महागात पडणारी चूक मेमरी कार्डाची आहे. चोपडा तालुक्यातील एका लग्नात मी वधूपक्षाकडून काम करत होतो आणि वरपक्षाने एक नवखा मुलगा बोलावला होता. आदल्या रात्री त्याने हळदीचे फोटो लॅपटॉपवर कॉपी करायला लावले, मध्येच वीज गेली, जुन्या बॅटरीचा लॅपटॉप बंद पडला आणि कॉपी अर्धवट राहिली. दुसऱ्या दिवशी गोरज मुहूर्ताच्या तोंडावर कार्ड भरले, तेव्हा फोटो उतरवून झाले आहेत अशा समजुतीने त्याने ते फॉरमॅट केले आणि त्याच कार्डावर मंगलाष्टकांपासून जेवणाच्या पंगतीपर्यंतचे सगळे काम केले. कॅमेऱ्यातील फॉरमॅटमुळे सहसा केवळ फायलींची यादी पुसली जाते, मूळ फोटो कार्डावर तसेच राहतात. परंतु नवे फोटो त्याच जागेवर लिहिले जाऊ लागले की जुने कायमचे नाहीसे होतात. "दादा, काहीतरी करा," असे म्हणत तो माझ्याकडे आला, तोपर्यंत हेच घडले होते. रिकव्हरी सॉफ्टवेअरने काही फोटो परत आले, पण नवरदेवाच्या आजीने हळद लावल्याच्या फोटोत वरच्या पट्टीत तिचा डोक्यावरचा पदर तेवढा दिसत होता, खाली सगळा राखाडी रंग होता.

म्हणून मी दोन कार्डांचे स्लॉट असलेला कॅमेराच लग्नाला नेतो आणि दोन्ही कार्डांवर एकाच वेळी फोटो साठवतो. वापरलेले कार्ड वेगळ्या डबीत उलटे ठेवतो. कॉपी झाल्यावर फायलींची संख्या आणि आकार ताडून पाहतो, आणि अल्बम घरी पोहोचेपर्यंत एकही कार्ड पुसत नाही. चुकून कार्ड पुसले गेलेच, तर ते त्याच क्षणी कॅमेऱ्यातून काढून ठेवावे. हे सगळे कंटाळवाणे आहे हे मान्य, परंतु ज्याला एवढा धीर नाही त्याने दुसऱ्याच्या लग्नाची जबाबदारी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मंडपातील दिव्यांमुळे फोटोत आडवे पट्टे आले, तर शटरचा वेग १/१०० किंवा १/५० सेकंदावर आणून पाहावा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे पुष्कळ दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत प्री-वेडिंग करताना पानांतून येणाऱ्या हिरव्या उजेडाने चेहरे आजारी दिसतात, म्हणून जोडप्याला बांधाच्या मोकळ्या बाजूकडे तोंड करून उभे करावे. केळीच्या चिकाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत, हेही आधीच सांगून ठेवावे.

दुसरी मोठी चूक पैशांची. दोन-चार लग्ने मिळाली की नोकरी सोडून हप्त्यांवर महागडा कॅमेरा घेण्याची घाई होते. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत आपल्याकडे मुहूर्त जवळजवळ नसतात आणि पुढे पौषातही अनेक घरांत लग्न करत नाहीत, पण हप्ता दर महिन्याला येतो. दोन पूर्ण सीझन आणि त्यांच्यामधील रिकामे महिने नोकरी सांभाळून काढावेत, तोवर जास्तीची लेन्स भाड्याने आणावी, मगच निर्णय घ्यावा. कुणी म्हणेल की एवढे थांबले तर बाजार हातचा जातो. मला हे पटत नाही, कारण भुसावळपासून शहाद्यापर्यंत काम एकमेकांच्या सांगण्यावरूनच मिळते आणि घाईत बिघडलेल्या एका अल्बमची चर्चा सगळ्या भाऊबंदांत होते. नातेवाइकांकडूनही बयाणा घ्यावाच. ओळखीत तोंडी ठरलेले व्यवहार शेवटी दोन्हीकडचे मन दुखावतात.

लेखी कराराकडे तर जवळजवळ सगळेच दुर्लक्ष करतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा असतो. त्यामुळे आपणच काढलेला नवरीचा फोटो दुकानाच्या बोर्डावर किंवा इन्स्टाग्रामवर लावायचा असेल, तर तशी परवानगी त्यांच्याकडून घ्यावी लागते. ही अट, अल्बमची पाने आणि तो देण्याची मुदत एका कागदावर साध्या मराठीत लिहून बयाणा घेतानाच दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. लग्न उरकल्यावर सहीसाठी कुणाच्या दारात जाणे अवघड होते.