एमए, एमकॉम, एमएस्सीचं ॲडमिशन नाशिकमध्ये घेताय? मग एलिजिबिलिटीचं आधी बघा

पदवीचा निकाल लागला की कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानांत पोरांची रांग लागते. ‘दादा, पीजीचा फॉर्म भरून द्या ना.’ मी हे फॉर्म वर्षानुवर्षं भरून देतोय. फॉर्म हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. मोबाइलवरसुद्धा भरता येतो, त्यासाठी माझ्याकडे यायची गरजही नाही. पोरं अडकतात ती फी भरल्यानंतर, आणि तेव्हा सल्ला द्यायला वर्गातले सगळे तज्ज्ञ हजर असतात.

आधी विद्यापीठ कोणतं ते ठरवा. केटीएचएम, एचपीटी-आरवायके, बीवायके ही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी जोडलेली कॉलेजं आहेत. शिकता नाशकात, पदवी पुण्याची. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ यांची मुख्यालयं नाशकातच आहेत, पण ती स्वतंत्र विद्यापीठं आहेत. एमए, एमकॉम, एमएस्सीचा प्रवेश कॉलेजच्या वेबसाइटवर अर्ज आणि मग मेरिट लिस्ट असा होतो. एमबीए, एमसीए करायचं असेल तर सीईटी सेलची प्रक्रिया वेगळी, हा लेख तुमच्यासाठी नाही.

पात्रता कॉलेजच्या माहितीपत्रकात वाचा, मित्राला विचारू नका. एमए बऱ्याच विषयांत कुठल्याही शाखेच्या पदवीवर करता येतं, एमएस्सीला मात्र पदवीला तो विषय लागतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांची पदवी असेल तर पीजी दोन वर्षांचं, चार वर्षांची ऑनर्स असेल तर एकच वर्ष. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षानंतर पीजी डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. शेवटच्या वर्षाचा एखादा पेपर राहिला असेल तर पदवी पूर्ण झालेली नाही. ‘एटीकेटीवर पीजी मिळतं’ असं सांगणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा.

एबीसी आयडी, म्हणजे तुमचे क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा क्रमांक, डिजिलॉकरवर पाच मिनिटांत निघतो. बारा आकडी असतो. लिहून ठेवा.

आता एलिजिबिलिटी.

कॉलेजने फी घेतली, रोल नंबर दिला, आयकार्ड गळ्यात आलं, म्हणजे कॉलेजने तुम्हाला घेतलं. विद्यापीठाने घेतलेलं नसतं. तुमची आधीची पदवी, मार्कशीट आणि सोडल्याचे दाखले विद्यापीठ तपासतं आणि मग पात्रता कायम करतं, हीच एलिजिबिलिटी. तोवर तुमचा प्रवेश तात्पुरताच. वर्गात बसता येतं, परीक्षाही देता येते, म्हणून कुणाला काही जाणवत नाही. मग निकालाच्या दिवशी नावासमोर गुणांऐवजी निकाल राखून ठेवल्याचा शेरा दिसतो आणि घोंगडं भिजत पडतं.

पदवी पुणे विद्यापीठाचीच असेल तर काम हलकं आहे. जुना पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) फॉर्मवर लिहायचा आणि आधीच्या कॉलेजची मूळ टीसी द्यायची. मायग्रेशन, म्हणजे एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाताना आधीचं विद्यापीठ देतं तो दाखला, लागत नाही. टीसी देण्याआधी तिच्या चार-पाच झेरॉक्स आणि मोबाइलवर एक नीट स्कॅन करून ठेवा. मूळ टीसी एकदा फाइलला गेली की परत तुमच्या हातात येत नाही, आणि डुप्लिकेट काढायला प्रतिज्ञापत्रापासून सुरुवात करावी लागते.

पदवी दुसऱ्या विद्यापीठाची असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागणारच. धुळे, नंदुरबार, जळगावहून येणाऱ्यांना हे माहीत असतं, कारण त्यांचं विद्यापीठ जळगावचं. फसतात ते मुक्त विद्यापीठातून बीए, बीकॉम केलेले. ‘अहो, आमचं विद्यापीठ इथलंच आहे, नाशिकचंच,’ असं मला दर वर्षी कुणीतरी सांगतं. गाव एक असलं तरी विद्यापीठ दुसरं आहे. मुक्त विद्यापीठाचं मायग्रेशन काढावंच लागतं. निकाल लागला त्याच आठवड्यात अर्ज टाका, मेरिट लिस्टची वाट बघू नका. परदेशी पदवी असेल तर समकक्षता प्रमाणपत्रही लागेल.

‘मायग्रेशन नंतर दिलं तरी चालतं’ हा या सगळ्यातला सगळ्यात वाईट सल्ला. प्रवेशाच्या दिवशी ते नसेल तर कॉलेज हमीपत्र लिहून घेतं आणि प्रवेश देतं, हे खरं. पण त्या हमीपत्रावर तारीख असते. ती तारीख गेली की कॉलेजवाले हात वर करतात, आणि त्यात त्यांची चूक नसते.

उलटंही होतं. माझ्या एमकॉमच्या वेळी मायग्रेशन मी मुदतीत दिलं होतं, कॉलेजच्या कार्यालयाने ते पुढे पाठवलंच नाही. निकाल अडकला. ‘खिडकीत दिलं होतं’ या तोंडी बोलण्याला कुणी विचारेना. शेवटी ते कपाटात पांढऱ्या नाडीने बांधलेल्या गठ्ठ्यात सापडलं, दुसऱ्याच कुणाच्या मार्कशीटमागे स्टेपल केलेलं. तेव्हापासून मी प्रत्येकाला बजावतो: कुठलाही मूळ कागद देताना सोबत त्याची झेरॉक्स न्या आणि झेरॉक्सवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख मारून घ्या. क्लार्क म्हणेल, ‘त्याची काही गरज नाही.’ तुम्ही म्हणा, ‘साहेब, घरी दाखवायचंय.’ शिक्का मिळतो. दिवाळीच्या सुट्टीआधी एकदा खिडकीवर जाऊन नेमकं हेच विचारा: ‘माझी एलिजिबिलिटी विद्यापीठाने कन्फर्म केली का?’ ‘फॉर्म पाठवलाय’ हे त्याचं उत्तर नव्हे.

नावाचा घोळ याच टप्प्यावर बाहेर येतो. दहावीच्या मार्कशीटवर एक, आधारवर दुसरं, लग्नानंतर तिसरं. पदवीच्या मार्कशीटवर आहे तेच नाव पीजीला ठेवा आणि एबीसी आयडीआधी आधार दुरुस्त करून घ्या. नवं नाव हवंच असेल तर राजपत्रात नावबदल आधी, प्रवेश नंतर. मधल्या काळात बदलायला जाल तर दोन्हीकडून लटकाल.

शिक्षणात खंड असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. त्याचा मसुदा कॉलेजकडून घ्या, कोर्टाबाहेरच्या टेबलवाल्याकडून नको. जात, उत्पन्न, रहिवासी आणि नॉन-क्रिमीलेअर दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे, तरी ५०० चा स्टॅम्प गळ्यात मारणारे भेटतातच.

नॉन-क्रिमीलेअरची मुदत दाखल्यावर लिहिलेल्या वर्षाच्या ३१ मार्चला संपते, त्यामुळे जूनमध्ये मुदत संपलेला दाखला घेऊन येऊ नका. महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, अर्ज दर वर्षी नव्याने मंजूर करून घ्यावा लागतो. शिष्यवृत्ती आधारशी सीड केलेल्या, म्हणजे जोडलेल्या, खात्यातच येते. बँकेत आधार दिलंय म्हणजे सीडिंग झालंय असं नाही, बँकेत जाऊन विचारा.

पुढचं थोडक्यात. ॲडमिशन म्हणजे परीक्षेचा फॉर्म नव्हे. तो प्रत्येक सेमिस्टरला वेगळा भरायचा, मुदत चुकली तर विलंब शुल्क. हजेरी ७५ टक्के लागते. दुसऱ्या वर्षाचा प्रवेशही पुन्हा घ्यावा लागतो, आपोआप होत नाही.

नोकरी करणारे हमखास विचारतात, कॉलेजचं एमए आणि मुक्त विद्यापीठाचं दुसरं काही एकाच वेळी चालेल का? चालतं. यूजीसीने एप्रिल २०२२ पासून ती मुभा दिली आहे. दोन्ही रेग्युलर असतील तर तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. पीएचडीला ही सवलत नाही. फक्त मूळ टीसी आणि मायग्रेशन एकाच ठिकाणी देता येतं, म्हणून दुसऱ्या ठिकाणी काय चालेल ते फी भरण्याआधी लेखी विचारून घ्या.