द्रव्यांची नुसती मोजदाद पाठ करू नका

एम.ए.ला किंवा नेट परीक्षेला आधुनिक पाश्चात्त्य तत्त्वज्ञान घेतलं असेल, तर हे सूत्र तुमच्या वहीत आलंच असणार: देकार्तची द्रव्यं (सबस्टन्स, म्हणजे स्वतःच्या बळावर असणाऱ्या मूळ वस्तू) दोन, स्पिनोझाचं एक, लायब्निझची अनंत. बहुपर्यायी प्रश्नाला तेवढं पुरतं. दीर्घोत्तरी प्रश्नात त्यानेच माझा घात केला.

गोम 'दोन' या आकड्यात आहे. देकार्तच्या 'प्रिन्सिपल्स ऑफ फिलॉसॉफी'तलं (१६४४) पहिल्या भागातलं ५१वं कलम काढा. अस्तित्वासाठी दुसऱ्या कशाचीच गरज नसते, ते द्रव्य. पण पुढे तोच म्हणतो, काटेकोरपणे हे फक्त ईश्वराला लागू पडतं. मग मन आणि शरीर? त्यांना ईश्वराखेरीज कशाची गरज नाही, म्हणून तीही द्रव्यं, पण त्याच अर्थाने नव्हे. शिवाय दोन म्हणजे दोन प्रकार. मनं तर माणसागणिक वेगळी. थोडक्यात, 'दोन' ही सवलत आहे आणि स्पिनोझा ती काढून घेतो. हे कळलं नाही तर स्पिनोझा अचानक आभाळातून पडल्यासारखा वाटतो.

'एथिक्स'च्या (१६७७) पहिल्या भागातली साखळी स्वतःच्या हाताने लिहून काढा. एकच गुण (म्हणजे द्रव्याचं मूळ स्वरूप, जसं विचार किंवा विस्तार) दोन द्रव्यांचा असू शकत नाही (विधान ५). ईश्वराचे गुण अनंत, म्हणजे सगळेच, आणि तो असतोच (११). मग दुसऱ्या द्रव्याच्या वाट्याला गुणच उरत नाही (१४). दुप्पट वेगाने व्हिडिओ पाहून हे जमत नाही, आणि नोट्स उतरवून देणारे सर कितीही प्रेमळ असले तरी त्यांच्या नोट्सनीही नाही. 'का?' विचारून हैराण करणारं कुणी भेटलं तर त्यांना सोडू नका. विधान ५ पटत नसेल तर घाबरू नका. लायब्निझलाही ते पटलं नव्हतं.

लायब्निझची कसोटीच वेगळी, एकत्वाची. विस्तार, म्हणजे जागा व्यापणं, म्हटला की भाग आले, आणि भागांचा ढीग म्हणजे खरी 'एक' वस्तू नव्हे. म्हणून त्याची द्रव्यं म्हणजे निरवयव चिदणू (मोनॅड), ज्यांना भागच नाहीत. 'मोनॅडॉलॉजी' (१७१४) छोटी आहे, मुळातूनच वाचा.

लॉक त्यामानाने सोपा: गुणांना आधार म्हणून द्रव्य हवं, पण ते काय हे सांगता येत नाही. पृथ्वी हत्तीवर, हत्ती कासवावर, आणि कासव? 'काहीतरी, काय ते ठाऊक नाही' असं सांगणारा भारतीय लॉकच्याच 'एसे कन्सर्निंग ह्यूमन अंडरस्टँडिंग' या ग्रंथात भेटतो. तो किस्सा उत्तरात जरूर घ्या. फक्त लॉकने द्रव्य नाकारलं असं लिहू नका. ते ह्यूमच्या खात्यावर.