नवरा-बायकोने ट्रकवर निघण्याआधीची तयारी (झोपेसकट)

पहिल्यांदा आम्ही दोघं भिवंडीहून दिल्लीचा माल घेऊन निघालो तेव्हा माझ्याकडे वहीत दोन पानी यादी होती. चहा-साखर, सुई-दोरा, जादा चपला, सगळं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी गुजरातमधल्या शामळाजीच्या अलीकडे एक टोलनाका ओलांडल्याचं मला आठवेना. डोळे उघडे होते, हात स्टिअरिंगवर होते आणि नाका मागे गेलेला. नवऱ्याला म्हटलं, तुम्ही बसा. तो म्हणाला, माझ्याच्याने पण नाही होणार. पंपावर गाडी लावली आणि नऊ तास मेल्यासारखे झोपलो. दोन ड्रायव्हर आहेत म्हणून माल देणाऱ्या पार्टीने लवकरचा वायदा धरला होता. पोहोचलो एका ड्रायव्हरच्या वेळेत. भाडं कापलं. ई-वे बिलाला, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या कागदाला, दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे दिल्लीच्या १४०० किलोमीटरला सात दिवस, म्हणून निदान कागद तरी जिवंत राहिले.

वहीत जे नव्हतं ते इथे सगळ्यात आधी लिहिते: चालत्या गाडीत झोपायची तालीम. गाडी चालवायची तालीम सगळे करतात, झोपायची कोणी करत नाही. जोडीने गाडी चालवायचा फायदाच एवढा आहे की एक चालवतो तेव्हा दुसरा झोपतो. दुसरा झोपला नाही तर तुम्ही दोन ड्रायव्हर नाही. एक ड्रायव्हर आणि एक जागत बसलेला पॅसेंजर आहात, आणि त्या पॅसेंजरला पाच तासांनी स्टिअरिंग द्यायचंय.

"त्यात काय, दमलं की झोप लागते" असं मलाही वाटलं होतं. नाही लागत. नवरा चालवत असताना मी मागे पाय पसरून पडायचं हे मनाला पटेना. रात्रभर पुढे बसून थर्मासमधला चहा ओतत राहिले, गप्पा मारत राहिले, वर वाटलं की सोबत करतेय. माझी पाळी आली तेव्हा तो मागे आडवा झाला खरा, पण प्रत्येक वळणाला पाय आपटून ब्रेक मारत होता. मला ऐकू येत होतं. मध्येच आवाज, "अगं, तिसरा गिअर टाक!" वीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला बायकोच्या हातात गाडी देऊन डोळे मिटता येत नाहीत, हे लग्नात कोणी सांगत नाही.

तेव्हा पहिल्या भाड्याच्या आधी निदान तीन रात्री काढा. आम्ही नंतर हेच केलं: वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलवरून रिकामी गाडी काढायची, कसारा घाट चढून इगतपुरी, चहा, परत. जाताना एक झोपणार, येताना दुसरा. रिकामी गाडी भरलेल्यापेक्षा जास्त उडते, त्यामुळे तिच्यात झोप लागली तर मालाच्या गाडीत लागेलच. डिझेल फुकट जातं म्हणून नवरा कुरकुरला. कापलेल्या भाड्याचा आकडा दाखवल्यावर गप्प झाला. पहिल्या रात्री दोघांनाही झोप लागली नाही, दुसऱ्या रात्री मला अर्धा तास लागली, तिसऱ्या रात्री तो घाटात घोरत होता. घोरणं ऐकल्याशिवाय भाडं घेऊ नका.

सीटमागच्या झोपायच्या बर्थला जाड काळा पडदा हवा, समोरच्या गाड्यांचे दिवे डोळ्यांत जातात. कानात कापूस. पडलेल्या माणसाला धरून ठेवणारा पट्टा; करकचून ब्रेक लागला की झोपलेला माणूस सरळ पुढे येतो, त्याला हात टेकायचीही वेळ मिळत नाही. झोपणाऱ्याचा फोन चालवणाऱ्याकडे. सासूबाईंचा फोन आला तरी उठवायचं नाही. आणि मागून सूचना देणं बंद, हे निघण्याआधी घरी बसून बोलून घ्या. आमच्यात जो मागून बोलेल तो पुढच्या ढाब्यावर बिल भरतो. पैसे घरातलेच, तरी उपयोग होतो.

दिवसा झोपायचं असेल तर उकाडा मारतो. २०२५ पासून नव्या जड ट्रकना एसी केबिन सक्तीचं झालंय, आमची गाडी त्याआधीची. उन्हाळ्यात राजस्थानात दुपारी बर्थवर माणूस उकडतो, झोपत नाही. म्हणून मोठी झोप रात्रीच्या अर्ध्या भागातच मिळाली पाहिजे, दोघांनाही.

पाळ्या निघाल्यावर ठरवू नका. पहाटे दोन ते सहा हा सगळ्यात वाईट वेळ, तो ज्याला सोसतो त्याला द्या. मोठेपणा म्हणून नवऱ्याने घेऊ नये. आमच्या अँटॉप हिलच्या घरात पाणी पहाटे येतं, चारला उठायची मला लग्नापासूनची सवय, म्हणून पहाट माझी. तो रात्री नऊ ते दीड, मी दोन ते साडेसहा. मधला अर्धा तास कशाला? झोपेतून उठलेल्या माणसाचं डोकं लगेच चालू होत नाही. तोंड धुवा, गाडीभोवती चक्कर मारा, टायर ठोकून बघा, मग बसा. उठल्या उठल्या स्टिअरिंगवर बसणं आणि दारू पिऊन बसणं यात मला फार फरक वाटत नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती लिहिली होती. आपण स्वतःच मालक, आपल्याला कोण विचारतो, पण शरीर मालकाचं वेगळं नसतं.

आता परवाना. इथे चूक झाली तर गाडी घरीच राहू द्या. हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी चालते, हे सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. त्यावरच्या गाडीला परवान्यावर ट्रान्सपोर्टची नोंद लागतेच. मी आधी भाजीचा छोटा हत्ती चालवायचे, त्या परवान्यावर मोठ्या ट्रकला हात लावता येत नाही. हलक्या वाहनाचा परवाना एक वर्ष जुना झाल्याशिवाय ट्रान्सपोर्टचा शिकाऊ परवानाही मिळत नाही, तेव्हा वर्षाआधी सुरुवात करा. पुढे तो दर पाच वर्षांनी नवा करायचा. "रात्रीच तर चालवणार आहे, कोण बघतंय" असं म्हणणारे भेटतील. अपघात झाला की विमा कंपनी बघते, आणि समोरच्याला दिलेले पैसे मालकाकडून वसूल करते. मालक तुम्हीच.

आरसी, फिटनेस, विमा, पीयूसी, नॅशनल परमिट: तारखा बघा. फास्टॅग भरा. बीएस-सहा, म्हणजे धुराच्या नव्या नियमांची गाडी असेल तर धूर साफ करणाऱ्या युरियाची टाकी बघा, संपली की इंजिन ओढ सोडतं. बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, गाडी नंबर बरोबर आहे का ते माल भरतानाच वाचा. वजनकाटा करूनच बाहेर पडा. ओव्हरलोडचा दंड २०,००० आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० अजून. "थोडं जास्त टाकतो" म्हणणारा दंडाच्या वेळी फोन उचलत नाही.

बायकांसाठी वेगळं: बाथरूमचा विचार आधी करा. ढाब्यांवर भरवसा नको, मोठ्या पंपांवर थांबा, आणि कुठल्या पंपावर चालण्यासारखी सोय आहे ते वहीत लिहीत जा. टॉर्च, कडी नसेल तर दाराला बांधायला सुतळी, पॅडची दोन पाकिटं, पाण्याचा कॅन. आणि बाथरूमची भीती म्हणून पाणी प्यायचं सोडू नका, डोकं दुखतं, मग झोप येत नाही. आलं ना परत झोपेवर? येणारच.

स्टेपनी, जॅक, पाना, ताडपत्री, दोर, चाकाखालचे ठोकळे. ते नवऱ्याला माहीत असतं. तुम्हालाही माहीत असू दे, पंक्चर तुमच्या पाळीत होतं.

मुलांचं घरी सांगून ठेवा: डबा कोण, शाळेत सोडणार कोण. मुंबईत परत शिरताना जड गाड्यांची नो एंट्री सकाळ-संध्याकाळ असते, ती वेळ बघून या, नाहीतर शहराच्या तोंडाशी तीन तास उभे.

परतीचं भाडं माल उतरायच्या आधीच बघा. हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी खोळंबून ठेवल्याचे, पैसे तोंडी नको, लिहून घ्या. उतरवताना एक जण खाली, एक जण वर. हिशोब त्याच रात्री. बाकी गाडी धुणं वगैरे तुमचं तुम्ही बघा.

आणि झोपायची तालीम केलीत का?