पोलिसांकडून माहिती मागताना ‘का’ विचारू नका

माहिती अधिकाराच्या अर्जात ‘कारवाई का केली नाही?’ असं विचारलंत, की उत्तर टाळणं सोपं होतं. मागायच्या त्या नोंदी, खुलासे नव्हेत. म्हणून कागदाचं नाव घ्या: पोलीस ठाण्याच्या डायरीतली नोंद, गस्तीची नोंदवही, नियंत्रण कक्षात आलेल्या फोनची नोंद. सोबत तारीख, ठिकाण आणि ‘रात्री 9 ते 11’ अशी नेमकी वेळ.

कॅमेऱ्याचं चित्रण हवं असेल तर एक दिवसही थांबू नका. ते जपून ठेवण्याची विनंतीही लेखी करा. जुन्या चित्रणावर बहुतेक यंत्रणांत नवं चढतं, मग अपील जिंकूनही हाती काही लागत नाही. तपासाचं कारण सांगून नकार आला, तर कायद्याच्या कोणत्या कलमाखाली नकार दिला, ते लेखी मागा. साक्षीदारांची नावं झाकून उरलेला भाग द्यावा, हे अर्जातच लिहिलेलं बरं.